पाच जुळी आणि एक पाठ

इमारतीतले शेजारी पाठमोऱ्यांविषयी जे काही सांगत, ते सगळे मागच्या बाजूचे असे.

"माणूस सरळ हो. मान बघा, मोजपट्टी म्हणून वापरावी," असे दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणत. "आणि खांदे? हँगर गिळल्यासारखे," ही मास्तरांच्या पत्नीची पुरवणी. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायकांमध्ये एरवी दोरीवरून तंटे चालत. पण पाठमोऱ्यांच्या मानेवरची केसांची रेघ सदैव कालच आखल्यासारखी असते, यावर त्यांचे एकमत होते. एकदा मात्र एक पार्सलवाला जिन्यात उभा राहून "ते दिसतात कसे?" असे विचारू लागला आणि तळमजल्यावरच्या काकूंची पंचाईत झाली. या काकूंना इमारतीतल्या प्रत्येकाच्या चपलेचा आवाज ओळखू येई. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ आठवले आणि म्हणाल्या, "नाक आहे. म्हणजे, असणारच की."

पाठमोरे हे आडनाव नव्हते. ते कामावरून पडलेले नाव होते आणि इतके घट्ट बसले होते की पोस्टमनही त्याच नावाने हाका मारी. गेली अकरा वर्षे, रोज संध्याकाळी आठ वाजता, दूरचित्रवाणीवरच्या एका मालिकेत त्यांची पाठ दिसत असे. मालिकेच्या नायकाला एक हुबेहूब जुळा भाऊ होता आणि दोन्ही भूमिका एकच नट करी. दोघे भाऊ समोरासमोर आले की एकाचा चेहरा दाखवायचा आणि दुसऱ्याची पाठ. मग नटाने कपडे बदलायचे आणि सगळे उलट बाजूने पुन्हा करायचे. दोन्ही वेळच्या पाठी पाठमोऱ्यांच्या.

या कामावर ते चुकून लागले. मूळचे ते शिंप्याच्या दुकानातले कटर. नायकाचा कोट द्यायला म्हणून ते चित्रीकरणाच्या जागी गेले. नायक जेवायला बसला होता, म्हणून खांद्याची शिवण कशी बसते हे पाहण्यासाठी कोट त्यांनी स्वतःच अंगात चढवला आणि आरशासमोर उभे राहिले. मागून दिग्दर्शक आले आणि त्यांच्या पाठीला पुढच्या प्रवेशाविषयी पाच मिनिटे समजावत राहिले. पाठमोरे स्वभावाने भिडस्त. मध्येच वळून मोठ्या माणसाचा हिरमोड कशाला करा, म्हणून ते तसेच उभे राहिले. पाच मिनिटांनी दिग्दर्शकांना चूक कळली. पण आपले बोलणे एखाद्या पाठीने इतके मन लावून ऐकल्याचे त्यांना आठवत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून कात्री सुटली.

बाहेरच्यांना वाटे, पाठ करून उभे राहायचे, यात काम ते काय? पाठमोरे त्यावर वाद घालत नसत. श्वास छातीने घेतला तर खांदे हलतात, म्हणून तो पोटाने घ्यावा लागतो. आवंढा गिळला की कान हलतात, म्हणून तो समोरच्याचे वाक्य चालू असताना गिळायचा, आपल्या वाक्यात नाही. न्हाव्याकडे दर दहाव्या दिवशी जायचे, कारण नायकही दर दहाव्या दिवशी जातो. नायकाने गोड सोडले की पाठमोऱ्यांच्या घरी साखरेचा डबा वरच्या फळीवर जाई आणि नायक परदेशातून सुटी घालवून गुबगुबीत होऊन आला की पाठमोऱ्यांना महिनाभर दुप्पट जेवावे लागे.

"दुसऱ्याच्या पोटासाठी जेवणारा माणूस मी तुमच्या रूपानं पहिल्यांदा पाहिला," त्यांची पत्नी म्हणे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नसे. पाठ कॅमेऱ्याकडे, म्हणजे तोंड नायकाकडे. भावाची वाक्ये पाठमोरेच हळू आवाजात म्हणत आणि त्यांच्याकडे बघून नायक रागावे, हसे, ढसाढसा रडे. अकरा वर्षांत नायक कमीत कमी चारशे वेळा रडला असेल, तो प्रत्येक वेळी पाठमोऱ्यांच्या तोंडाकडे बघून, दीड हातावरून. जगात ते तोंड नीट पाहिलेली माणसे दोनच: एक पत्नी आणि दुसरा हा नट.

मालिका लांबत गेली तशी तिच्यात जुळी वाढत गेली. नायकाच्या मागोमाग घरच्या डॉक्टरांना जुळा भाऊ निघाला. मग कारखान्याच्या व्यवस्थापकाला. मग आत्याबाईंना जुळी बहीण निघाली. तेव्हा पाठमोऱ्यांनी सव्वा किलोचा अंबाडा डोक्यावर वागवून आत्याबाईंचीही पाठ केली आणि ती इतकी करारी झाली की आत्याबाईंचे काम करणारी नटी ती पाहून चालायला शिकली. शेवटी या सगळ्या जुळ्यांच्या घोटाळ्याचा तपास करायला एक पोलीस अधिकारी आला, तर त्यालाही जुळा. एका घरात आणि घराच्या अवतीभवती मिळून हुबेहूब जुळ्यांच्या पाच जोड्या झाल्या. पाठ पाचांचीही एकच. आणि मग वास्तवसाहेब आले.

वास्तवसाहेब म्हणजे वाहिनीच्या मुख्य कचेरीने पाठवलेला तरुण अधिकारी. मालिकेत वास्तव वाढवायचे, हे त्यांचे काम. माणूस वाईट नव्हता; गणितात पहिला आलेला होता एवढेच. आल्या आल्या त्यांनी सेटवरची बंद घड्याळे चालू करवली. दुसऱ्या आठवड्यात जेवणाच्या प्रवेशात माणसांनी खरोखर जेवावे असे फर्मान काढले, त्यामुळे आत्याबाईंना एका प्रवेशाच्या आठ फेऱ्यांत आठ वेळा जेवावे लागले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांना बोलावून भिंतीवर एक तक्ता लावला.

"साधारण ऐंशी-नव्वद बाळंतपणांत एक जुळं होतं," ते म्हणाले. "हुबेहूब जुळं अडीचशेत एक. एका गोतावळ्यात अशा पाच जोड्या हव्यात, तर अडीचशेला अडीचशेनं पाचदा गुणा. मी गुणलं आहे. सुमारे अठ्ठ्याण्णव हजार कोटी घरं धुंडाळली तर असं एक सापडेल. पृथ्वीवर तेवढी माणसं नाहीत, घरं कुठली?"

मालिकेच्या लेखिकाबाई खिडकीशी चहा पीत बसल्या होत्या. अकरा वर्षे रोज एक भाग लिहून त्यांचा आवाज मऊ आणि हिशेबी झाला होता. त्या म्हणाल्या, "साहेब, अठ्ठ्याण्णव हजार कोटींतलं एक आहे, म्हणून तर त्या घरावर मालिका आहे. उरलेल्यांवर कोण काढणार?"

"बाई, लोक हसतात."

"लोक बघतात आणि हसतात. बघायचं थांबवून हसले तर मला सांगा."

पण साहेबांचे ठरले होते. पाच जोड्यांतले पाच जादा लोक एका बसमध्ये बसवायचे आणि ती बस दरीत ढकलायची. पंधरा दिवसांत सगळे आटपायचे.

"पाच जोड्यांतले नेमके जादा तेवढेच एका बसमध्ये बसतात, हे वास्तवात बसतं का?" लेखिकाबाईंनी विचारले.

साहेबांनी क्षणभर विचार केला. "सहल," ते म्हणाले.

कोपऱ्यात पाठमोरे उभे होते. जादा पाच गेले की उरलेल्या पाचांना पाठ लागणार नव्हती. वय अठ्ठेचाळीस, कात्री सुटून अकरा वर्षे झालेली, आणि आपल्याला काय येते असे कुणी विचारले तर तोंडाने सांगता येईल असे काही नाही. सेटवर आजवर त्यांनी दुसऱ्यांचीच वाक्ये म्हटली होती. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचे म्हटले.

"साहेब, असं खरं घर आणलं तर?"

सगळे वळून बघू लागले. आवाज ओळखीचा होता, तो कुठून आला हे मात्र कुणाला चटकन कळेना.

वास्तवसाहेबांचा एक गुण मान्य करायला हवा. ते पुराव्याला मानणारे होते. "आणा," ते म्हणाले. "पाच जोड्या, एका घरातल्या, जन्मदाखल्यांसकट. येत्या शनिवारी. आणलंत तर बस रद्द."

पाठमोऱ्यांनी इतक्या धिटाईने विचारले त्याला आधार होता. त्यांची पत्नी प्रसूतिगृहात परिचारिका होती आणि जन्माची वही तिच्या हाती असे. घरी येऊन त्यांनी बूट काढायच्या आधी विषय काढला.

"तेवीस वर्षांत एकोणीस हजार बाळंतपणं," ती भांडी पुसत म्हणाली. "जुळी दोनशे एकवीस. हुबेहूब म्हणाल तर त्यांतली पंचाहत्तर-शहात्तर. तुमच्या साहेबाचं गणित काही चुकलेलं नाही."

"आणि त्यांतली हरवलेली किती?"

"हरवलेली म्हणजे?"

"म्हणजे, एक गर्दीत हरवलं, एक नदीतून वाहत गेलं..."

"अहो, पायाला पट्टी बांधतो आम्ही. एक नंबर, दोन नंबर. घरी पाठवताना दोनदा मोजतो. तुमच्या लेखिकाबाईंना सांगा, जुळं होणं सोपं आहे. हरवणं अवघड आहे. आई एका हातानं दूध पाजत असते आणि दुसऱ्या हातानं दुसऱ्याला थोपटत असते. हरवायला तिसरा हात लागतो."

पाठमोरे बूट काढायला वळले. वाईट वाटले की त्यांचे खांदे आपोआप सरळ होत आणि दुःख अधिकच भारदस्त दिसे. पत्नीला ती पाठ पाहवेना. ती म्हणाली, "एक बेकरीवाली आजी आहे. नात बाळंत झाली तेव्हा 'आमच्याकडची ही पाचवी जोडी' असं वॉर्डभर सांगत फिरत होती. तिला विचारते. ती हो म्हणाली तरच नेईन."

आजी नुसती हो म्हणाली नाही; तिने गुरुवारी दुपारी, भट्टी निवल्यावर, अख्खे घर दुकानात हजर केले. ती आणि तिचा भाऊ ही पहिली जोडी. तिच्या दोन मुली ही दुसरी. थोरलीचा मुलगा आणि मुलगी, तिसरी. धाकटीचे दोघे मुलगे, चौथी. आणि थोरलीच्या त्या मुलीची अडीच महिन्यांची दोन बाळे, पाचवी. पत्र्याच्या डब्यातून दहा जन्मदाखले निघाले. पाठमोऱ्यांनी ते दोनदा मोजले. मग त्यांनी मान वर करून माणसांकडे पाहिले आणि तिसऱ्यांदा मोजायचे राहून गेले.

आजी ठेंगणी, तिचा भाऊ बांबूसारखा. मुलींपैकी एक घडवंचीसारखी रुंद, एक छत्रीच्या काडीसारखी. तिसऱ्या जोडीतला एक पुरुष आणि एक बाई, तेव्हा तिथे प्रश्नच नव्हता. चौथ्या जोडीतल्या एकाला टक्कल आणि दुसऱ्याला दोघांना पुरतील इतके केस.

"आजी," पाठमोऱ्यांनी विचारले, "यांतली जुळी कोण कोणाची, ते ओळखायचं कसं?"

"ज्यांचं आपसात पटत नाही ती," आजी म्हणाली.

पत्नीने त्यांना बाजूला घेतले. "घराण्यात चालत येतात ती अशीच असतात. भावंडांसारखी. एकाच वेळी झालेली भावंडं. हुबेहूब असतात ती घराणं बघून होत नाहीत, कुणाकडेही होतात. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं का?"

"हवं होतं."

"तुम्ही 'पाच जोड्या' म्हणालात. मी पाच जोड्या दिल्या."

आजी मालिका रोज बघत असे. जुळ्यांचे तिला काहीच वाटत नव्हते. "न पटणारं एकच आहे," ती म्हणाली. "त्या घरात भर दुपारी सगळे दिवाणखान्यात उभे. कामाला कोणीच कसं जात नाही?"

इथे पाठमोऱ्यांच्या हातून जी चूक झाली, ती फक्त त्यांच्याच हातून होऊ शकली असती. माणूस ओळखायचा तो पाठीवरून, असे अकरा वर्षांत त्यांच्या मनाने घेतले होते. पुराव्यासाठी फोटो काढायचा म्हणून त्यांनी त्या घराला बेकरीचे पांढरे अ‍ॅप्रन आणि पांढऱ्या टोप्या घालायला लावल्या, जोडीजोडीने ओळीत उभे केले आणि सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला सांगितले. ठेंगणीला पिठाच्या पोत्यावर चढवले. श्वास पोटाने कसा घ्यायचा तेही शिकवले. आजीचा बांबूसारखा भाऊ म्हणाला, "सत्तर वर्षांत पहिल्यांदा फोटो काढतोय, तोही भिंतीचा." पण फोटो अप्रतिम आला. सारख्या आठ पाठी, सारखे आठ बंद. फक्त बाळे खांद्यावर घेतलेली असल्यामुळे त्यांची तोंडे कॅमेऱ्याकडे आली होती. दोन्ही बाळे रडत होती.

शुक्रवारी वास्तवसाहेबांनी फोटो दोन्ही बाजूंनी पाहिला.

"यांचे चेहरे?"

"चेहरे तुम्ही मागितले नव्हते," पाठमोरे अगदी प्रामाणिकपणे म्हणाले.

"पाठमोरे, फोटोत दहा माणसं आहेत आणि तोंडं दोन. तीही बाळांची. बाळं सगळीच सारखी दिसतात." साहेबांनी फोटो खाली ठेवला. "उद्या माणसं आणा."

शनिवारी आजी दुकान बंद करून, सगळ्यांना चांगले कपडे घालून, पावांची एक टोपली घेऊन सेटवर आली. वास्तवसाहेबांनी दहा दाखले तपासले आणि दहा तोंडे पाहिली. पुन्हा दाखले पाहिले, पुन्हा तोंडे. मग त्यांचा चेहरा, देव भेटल्यावर भाविकाचा व्हावा तसा झाला.

"हेच!" ते ओरडले. "पाच जोड्या, एक घर, आणि एकही हुबेहूब नाही! हे वास्तव! बस रद्द. जुळी राहतील. फक्त आजपासून एकसारखी दिसणार नाहीत. प्रत्येक जुळ्याला वेगळा नट!"

सेटवर टाळ्या पडल्या. पाठमोऱ्यांनीही वाजवल्या. चौथ्या टाळीला त्यांच्या ध्यानात आले की दोन नट असले म्हणजे दोघांचेही चेहरे दाखवता येतात. बस दरीत जाणार नव्हती. ते एकटे जाणार होते, आणि दरी त्यांनीच शोधून आणली होती.

त्यांचे हात खाली आलेले लेखिकाबाईंनी पाहिले. त्यांनी चहाचा पेला बाजूला ठेवला. "नायकाच्या भावासाठी नवा नट कशाला शोधता?" त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "अकरा वर्षांची सगळी वाक्यं या माणसाला येतात. वळवा त्याला."

आणि सोमवारी पाठमोऱ्यांना वळवले.

दिव्यांचा झोत तोंडावर पडला तेव्हा, अंघोळ करताना कुणी दार उघडावे, तसे त्यांना झाले. पण खरी अडचण त्यांच्याकडून आली नाही. प्रवेश असा होता: भाऊ नायकाची क्षमा मागतो. तोंड पाठमोऱ्यांचे, म्हणून पाठ नायकाची. नायकाने फक्त उभे राहायचे होते. पाठमोऱ्यांनी पहिले वाक्य उच्चारले आणि नायकाचे खांदे गदगदा हलू लागले.

"थांबा!" दिग्दर्शक ओरडले. "साहेब, तुम्ही रडताय?"

"मी कुठे रडतोय?" नायकाने डोळे पुसत विचारले.

"तुमची पाठ रडतेय."

दुसऱ्या फेरीत पाठ हुंदके देत होती. तिसरीत कान लाल झाले. नायक बिचारा काय करणार? अकरा वर्षे ते तोंड समोर आले की अभिनय करायचा, ही सवय हाडांत मुरलेली. दहाव्या फेरीत त्याने डोळे मिटून घेतले, तेव्हा पाठ पेंगल्यासारखी दिसली. बाराव्या फेरीत पाठमोऱ्यांना राहवले नाही. नायकाच्या कोटाची मागची शिवण त्यांनी दोन बोटांनी खाली ओढली आणि हलकेच म्हणाले, "साहेब, पोटातून. आवंढा माझ्या वाक्यात गिळा, तुमच्या नाही."

"हे रोज करता तुम्ही?" नायकाने विचारले.

"रोज नाही. रविवारी सुटी असते."

सतराव्या फेरीत, निम्मी पाठ चौकटीबाहेर ठेवून, प्रवेश कसाबसा उरकला.

गुरुवारी तो भाग दाखवला जाणार होता. काकूंच्या खोलीत अर्धी इमारत जमली. पाठमोरे नेहमीसारखे सगळ्यात मागे, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. पत्नीला दुपारपाळी होती. पडद्यावर त्यांचा चेहरा आला, सबंध पडदाभर.

"हा कोण नवीन?" मास्तरांनी विचारले.

"ओळखीचा वाटतो," मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या. "आपल्या गॅसवाल्याचा भाऊ आहे का?"

"छे. तो पासबुकं छापून देतो ना, त्याच्यासारखा दिसतो," काकू म्हणाल्या. "पण नायकाचा भाऊ कुठे गेला? हा कसला भाऊ? नाकसुद्धा जुळत नाही."

पाठमोऱ्यांच्या समोर सात पाठी होत्या, आणि त्या किती निष्काळजी आहेत, हेच त्यांच्या मनात येत होते. मास्तर डाव्या बाजूला कलले होते. काकूंची मान पुढे गेली होती.

तीन मिनिटे गेली. मग पडद्यावरचा भाऊ वळला आणि खिडकीकडे चालू लागला.

"अगं बाई, पाठमोरे!" काकू उठूनच उभ्या राहिल्या. "अहो, हे तर आपले पाठमोरे!" सगळी खोली टाळ्या पिटू लागली. मास्तर वळून म्हणाले, "पाठमोरे, दिसलात बरं का! पण तो मघाचा माणूस कोण होता हो, तुमच्या आधी आलेला?"

त्या आठवड्यात वाहिनीकडे चाळीसेक पत्रे आली. नव्या चेहऱ्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कौतुकही नव्हते. सगळ्यांची चौकशी एकच: पूर्वीच्या भावाचे काय झाले? तो किती मन लावून ऐकायचा. एका बाईंनी लिहिले होते, 'आमच्या घरात त्याच्या खांद्यांवर विश्वास होता.'

वास्तवसाहेबांनी पत्रे बाजूला सारली. "सवय होईल," ते म्हणाले आणि पाठमोऱ्यांपुढे तीन वर्षांचा करार ठेवला. चेहऱ्याचा. सुरुवातीच्या नामावलीत नाव. नायकाच्या पाठीसाठी माणूस नवा घ्यायचा आणि पाठमोऱ्यांनी त्याला शिकवायचे.

करार त्यांनी घरी नेला आणि टेबलावर ठेवला. पत्नीने तो दोनदा वाचला.

"छान आहे," ती म्हणाली. "तुम्हाला हवाय का?"

"परवा नायकसाहेबांसमोर उभा होतो ना," पाठमोरे म्हणाले, "तर ते काय करताहेत हे मला दिसतच नव्हतं. माझं लक्ष सगळं माझ्या तोंडात. एरवी ते रडतात तेव्हा आधी उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात येतं. दीड हातावरून बघतो मी. परवा आलं का नाही, मला माहीत नाही."

पत्नीने करार घडी घालून त्यांच्या खिशात ठेवला. "मग परत देऊन या. आणि साखर काढू का खाली, की ते अजून गोड खात नाहीत?"

तो करार पाठमोऱ्यांनी परत केला तेव्हा वास्तवसाहेब दचकले. पण नायकानेही त्याच सकाळी कळवले होते की समोर ते तोंड नसेल तर आपल्याला रडू येणार नाही, आणि असेल तर आपल्याला पाठ करता येणार नाही. मार्ग लेखिकाबाईंनी काढला. वेगळ्या चेहऱ्याचा भाऊ भट्टीच्या स्फोटात सापडतो, शस्त्रक्रिया होते, पट्ट्या सोडल्यावर त्याचा चेहरा नेमका नायकासारखा झालेला असतो. उरलेल्या चार जुळ्यांनाही डॉक्टर त्याच आठवड्यात सवडीने घेतात.

"यात वास्तव कुठे आहे?" साहेबांनी क्षीण आवाजात विचारले.

"अपघात वास्तव, शस्त्रक्रिया वास्तव," लेखिकाबाई म्हणाल्या. "परिणाम माझा."

साहेबांनी खात्री करून घेण्यासाठी पाठमोऱ्यांच्या पत्नीला फोन लावला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले, "आमच्याकडे बाळं असतात, साहेब. चेहरे बसवायचा विभाग निराळा. तिथे विचारा."

त्यांनी विचारले नाही. सोमवारी पाठमोरे पुन्हा पाठ करून उभे राहिले. नायकाच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी आले. पहिल्याच फेरीत काम झाले.

इमारतीत मात्र हळहळ झाली. मंगळवारी सकाळी पाठमोरे न्हाव्याकडे निघाले, तर काकू जिन्याच्या तोंडाशी वाट अडवूनच उभ्या होत्या. या वेळी त्यांनी पाठमोऱ्यांकडे समोरून पाहिले, नीट, नाकासकट.

"अहो, एवढं तोंड आलं होतं पडद्यावर, घरबसल्या नाव झालं असतं. आणि तुम्ही परत पाठ दाखवायला निघालात? लोक आयुष्यभर धडपडतात त्यासाठी. का हो नाही म्हणालात?"

पाठमोऱ्यांनी आवंढा गिळला, काकूंचे वाक्य पुरते संपायच्या आत.

"तोंड काय, कुणालाही असतं, काकू. सरका बरं, मानेवरचे केस वाढलेत."